पेज शेळीला

२८ डिसेंबर १९५४

ही वही नागपूरहून येताना आणली. दोनशे पाने, रेघांची. हिच्यात खाडाखोड करायची नाही, असा नियम आज करतो. सहा वर्षे छापखान्यात खिळे जुळवले. खाडाखोड करणारा माणूस विचार न करता लिहितो, हे तिथे शिकलो.

माझे नाव लक्ष्मण दादाजी. गावात लच्छू म्हणतात. शिक्षण आठवी नापास. परंतु माझे शुद्धलेखन इथल्या मास्तरांपेक्षा बरे आहे. हे त्यांनाही ठाऊक असल्यामुळे ते मला रस्त्यात टाळतात.

शिशाच्या धुळीने खोकला जडला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी गावच्या हवेत जायला सांगितले. बाबा मागच्या वर्षी वारले. आमची चार एकर धानाची शेती वारलू नावाचा गडी अर्ध्या वाट्याने करतो. म्हणून दिवाळीनंतर इथे आलो. गावची हवा चांगली आहे. गावात माणसे नसती तर आणखी चांगली असती.

बायकोला, कमळाला, परवा माहेरून आणले. बाळंतपणानंतर तीन महिने माहेरी ठेवायची रीत आहे. मी सव्वा महिन्यातच जाऊन घेऊन आलो. तिथे खोलीत धूर कोंडलेला, आणि तिची आई तिला कांडलेल्या तांबूस तांदळाची पेज, अंबाडीची भाजी आणि लाखोरीची डाळ वाडगे भरभरून देत होती. बाळंतीण सांभाळतात की म्हैस, हे कळत नव्हते.

मुलीचे नाव इंदू ठेवले. आवाज फार मोठा आहे. आज अकरा वेळा रडली.

माझी नाडी ७८. जीभ किंचित पांढरी.

१ जानेवारी १९५५

नवीन वर्ष. घराचे नियम लिहून दाराच्या आतल्या बाजूस लावले. सगळे लिहीत नाही, मुख्य तेवढे:

पाणी उकळून. शेणाचा हात स्वयंपाकाला लावायचा नाही. मुलीला घड्याळाप्रमाणे दूध, रडली तरी मध्ये नाही. लाखोरीची डाळ घरात आणायची नाही.

हे नियम माझ्या मनाचे नाहीत. आमच्या छापखान्यात एका वैद्यांचे आरोग्यावरचे पुस्तक छापले होते. त्याची पहिली बत्तीस पाने मी जुळवली. ती मला तोंडपाठ आहेत. लाखोरीची डाळ खाऊन माणसे लंगडी होतात, हे पान एकोणतीसवर आहे. इथले लोक ती डाळ धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पेरतात आणि वर्षभर खातात. वारलूला हे समजावून सांगितले. तो पचकन थुंकला आणि म्हणाला, "माह्या बापाने सत्तर वर्स खाल्ली भाऊ. तो मेला तो झाडावरून पडून."

याला म्हणतात तर्क.

४ जानेवारी

वारलूच्या बैलबंडीतून सहा पोती धान आरमोरीच्या गिरणीत नेले. काय यंत्र आहे! एका बाजूने धान, दुसऱ्या बाजूने मोत्यासारखे तांदूळ. कोंडा वेगळा पडतो. तो तिथेच देऊन टाकला.

आतापर्यंत आमचे तांदूळ शेजारच्या सुगंधाबाई कांडून देत. त्या विधवा आहेत, साठीच्या असाव्यात, आणि जगातल्या सर्व विषयांवर बोलतात. उखळात मुसळ घालतात, घाम गाळतात, तंबाखूही मळतात, सगळे एकाच ठिकाणी. कांडणाबद्दल त्यांना कोंडा आणि पायलीमागे मूठभर कणी मिळत असे. आज पांढरे तांदूळ पाहून म्हणाल्या, "हे कायचे तांदूर गा लच्छू? हे तर धुतलेले दात दिसून राह्यले."

मी म्हटले, "यापुढे कांडण नको."

त्यांनी तांदूळ हातात घेऊन चोळून पाहिले. मग म्हणाल्या, "मले नको देऊ काम. पन बाळंतिणीले हे नको देऊ. याच्यात काई नाई उरलं."

कोंडा बुडाला की असे शहाणपण सुचते. मी हे ओळखून होतो, म्हणून रागावलो नाही.

९ जानेवारी

भात करण्याची पद्धत कमळाला प्रत्यक्ष उभे राहून शिकवली. तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचे, तिसरे पाणी स्वच्छ दिसले पाहिजे. भरपूर पाण्यात शिजवायचे. मग सगळी पेज निथळून काढायची. भात असा मोकळा होतो की शीत न् शीत मोजावे. बाळंतिणीला हा भात, मीठ आणि चमचाभर तूप. पोटाला याहून हलके काही नाही.

कमळा म्हणाली, "पेज मी पिऊ का? माहेरी पेत होती."

पेज म्हणजे भाताचे मळके पाणी. मी नको म्हटले. परंतु टाकून देणे बरे नाही, म्हणून सुगंधाबाईंच्या शेळीला द्यायला सांगितले. धुण्याचे पाणीही. कांडण गेले त्याची थोडी भरपाई. उपकार बोलून दाखवायचा नसतो, म्हणून मी त्यांना काही म्हणालो नाही.

मी स्वतः सकाळी भिजवलेले हरभरे घेतो. पंचवीस. ते बत्तीस पानांत फुप्फुसासाठी सांगितले आहेत. कमळाला देत नाही. बाळंतिणीला वातूळ.

१० जानेवारी

नाडी ७४. खोकला फक्त पहाटे.

२२ जानेवारी

बारा दिवस लिहिले नाही. लिहिण्यासारखे घडत नाही. वारलू पडीत बांधीच्या कडेला बसून विड्या ओढतो आणि त्याला शेती म्हणतो. गावात मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकाची तालीम चालू आहे. राजाचे काम करणारा म्हशी चारतो, तरी तालमीत त्याचा आवाज राजासारखा निघतो आणि म्हशी वळवतानाही तसाच निघतो. म्हशी ऐकत नाहीत.

सुगंधाबाईंची शेळी रोज अकरा वाजता दारात येऊन उभी राहते. तिला घड्याळ नाही तरी चुकत नाही. कमळापेक्षा बरी. अंगाने भरली आहे, केस चकाकतात. गावात सगळे तिच्याबद्दल बोलतात. इथे बोलण्याचे विषय असे.

कमळा म्हणते, पायाला मुंग्या येतात. एका जागी मांडी घालून बसते म्हणून. तिला दिवसातून तीनदा अंगणात शंभर पावले चालण्याचा नियम सांगितला.

३१ जानेवारी

कमळा शंभर पावले चालत नाही. साठ झाली की खांब धरते. आज चुलीपाशी उकिडवी बसली होती, ती उठताना हातावर भार देऊन उठली. मी विचारले तर म्हणाली, "पाय जडावले. आपले नाई वाटत."

मनात एकदम लख्ख झाले. लाखोरी! पान एकोणतीस. पाय आधी जडावतात, मग लंगडेपण. म्हणजे कोणीतरी तिला चोरून लाखोरीची डाळ देत आहे. दुपारी सरळ सुगंधाबाईंकडे गेलो.

"तुम्ही हिला डाळ दिलीत?"

"देल्ली," त्या म्हणाल्या. "दोनदा वाटीभर. भुकी होती बापडी. काऊन?"

"तुमच्यामुळे माझी बायको लंगडी होते आहे."

आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुगंधाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लच्छू, तू लहान होता तवा तुही माय तुले माह्या मांडीवर टाकून धानाच्या रोवण्याले जाये. म्हून बोलते. तिले कोंड्याची भाकर दे. पेज दे. तिच्या आंगात काई नाई."

पुन्हा कोंडाच. मी फक्त नमस्कार केला आणि परत आलो. आजपासून घरात कोणतीही डाळ बंद. तुरीचीसुद्धा, कारण बाजारात तिच्यात लाखोरी मिसळतात. कमळाने शेजारी जायचे नाही.

रात्री झोप लागली नाही. नाडी ९०. माझ्या बायकोचे पाय गेले तर काय करीन, हे एकसारखे मनात येत होते. हे कोणाला सांगण्यासारखे नाही, म्हणून इथे लिहितो.

७ फेब्रुवारी

कमळाच्या पायांवर सूज. बोट दाबले तर खळगा राहतो. खळगा बुजायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिले: पन्नास सेकंद. लाखोरीचे विष उतरताना सूज येत असावी. बत्तीस पानांत तसे स्पष्ट नाही, परंतु तर्काने येते.

आहार काटेकोर चालू आहे. फक्त भात आणि तूप. ती म्हणते, भूक लागत नाही. चांगले लक्षण. विषाला भूक असते.

इंदू दोनदा ओकली. दुधाच्या वेळा आणखी काटेकोर केल्या.

१४ फेब्रुवारी

शेवटी नियमांचा परिणाम दिसला. इंदू रडत नाही. तोंड उघडते, चेहरा लाल होतो, रडण्यासारखे सगळे करते. परंतु ओरडत नाही. फक्त श्वासाचा फसफस असा बारीक आवाज. तिला समजले आहे की ओरडून वेळेआधी दूध मिळत नाही. पावणेतीन महिन्यांच्या मुलाला शिस्त लागू शकते, हे इथल्या लोकांना कोणी सांगितले तर खोटे वाटेल.

घरात इतकी शांतता नागपूर सोडल्यापासून नव्हती. मी दोन तास वाचले.

१६ फेब्रुवारी

मंगली आली होती. ती जंगलातल्या टोल्यावरची, चार झोपड्यांच्या वस्तीतली. दर आठवड्याला चारोळी, मध, पानाचे द्रोण असे काहीतरी घेऊन येते आणि मिठाच्या बदल्यात देते. तिला मराठी जेमतेम येते, असे मी समजत होतो. ती फार बोलत नाही, म्हणून तिच्याविषयी माझे मत बाकीच्यांइतके वाईट नाही.

कमळा इंदूला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. इंदू रडत होती, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे. मंगलीने टोपली खाली ठेवली. जवळ गेली. इंदूच्या तोंडापाशी कान नेला. मग छातीवर हात ठेवला.

मी कौतुकाने म्हटले, "बघ, कशी शांत झाली आहे."

मंगली माझ्याकडे न पाहता कमळाला म्हणाली, "हिचा आवाज मेला."

कमळा म्हणाली, "काय म्हनतेस वो?"

"आमच्या टोल्यात एक लेकरू असंच होतं. रडे, आवाज नाई. तीन दिवस." मंगलीने बोटे दाखवली. तीन. मग मूठ मिटली.

कमळाने इंदूला उचलले आणि उभी राहू लागली. राहता आले नाही. खांब धरून अर्धी उठली आणि परत बसली. मग ती मोठ्याने ओरडली. नवऱ्याचे नाव घेऊन ओरडली नाही. "सुगंधाबाई!" म्हणून ओरडली.

मंगली मीठ न घेताच गेली.

१७ फेब्रुवारी, आरमोरी

मध्यरात्र उलटली, दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. दौत आणली नव्हती. शिसपेन्सिल.

काल दुपारीच वारलूने बंडी जुंपली. मी म्हणत होतो की आधी उद्यापर्यंत उपवास देऊन पाहू. वारलू म्हणाला, "भाऊ, तुमी बसा न बसा, बंडी चालली." सुगंधाबाईंनी कमळाला आपल्या अंगावर टेकवून बसवले, इंदूला पदरात घेतले. माझ्याशी कोणी बोलत नव्हते. चाके फसली तर ढकलायला मी मागे चालत निघालो. नंतर बंडीत चढलो, कारण चाके वाळूत फसत नव्हती, मीच मागे पडत होतो.

डॉक्टर तरुण आहेत. कपड्यांवरून विशेष वाटत नाहीत. त्यांनी इंदूची छाती ऐकली आणि कंपाउंडरला नुसते बोट दाखवले. तो सुई उकळायला पळाला. कमळाचा पाय दाबून पाहिला. मी सांगितले, "खळगा पन्नास सेकंद राहतो." त्यांनी विचारले, "तुम्ही मोजले?" मी होय म्हटले.

"काय खाते ही?"

मी सगळे व्यवस्थित सांगितले. संभाषण जसेच्या तसे लिहितो.

"तांदूळ कांडलेला की गिरणीचा?"

"गिरणीचा. तीन पाण्यांनी धुतलेला."

"पेज?"

"सगळी काढतो."

"डाळ?"

"पूर्ण बंद. लाखोरीमुळे पाय जातात."

"लाखोरीने पाय जातात ते महिनोन् महिने दुसरं काही न खाणाऱ्यांचे. हिला किती दिली होती?"

"दोन वाट्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "ह्याच्याच भीतीने तिसरी नाई देल्ली."

"आणि पेज कुठे टाकता?"

"टाकत नाही. शेजारच्या शेळीला देतो."

डॉक्टर सुई भरत होते. मान वर न करता म्हणाले, "मग शेळी चांगली असेल."

त्यांना शेळीचे कसे कळले, हे मला समजले नाही. मी म्हटले, "फार चांगली आहे."

सुगंधाबाईंनी तोंड फिरवले.

सुया देऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, तांदळाचे सत्त्व कोंड्यात आणि दाण्याच्या अंकुरात असते. ते गिरणीत राहिले. उरलेसुरले धुण्याच्या पाण्यात आणि पेजेत गेले. आईच्या अंगात नाही ते दुधात येत नाही. म्हणून आईचे पाय, म्हणून मुलीचे हृदय, म्हणून आवाज. मी म्हणालो की हे पुस्तकात नाही. त्यांनी विचारले कुठले पुस्तक. मी नाव सांगितले.

"ते माझ्याकडे आहे. त्यात आहे. चाळिसाव्या पानाच्या आसपास."

"मी बत्तीसपर्यंत जुळवले. पुढचे छापखान्यातल्या पांडूने जुळवले."

त्यांनी मग विचारले, "तुम्ही स्वतः काय खाता?"

"सकाळी पंचवीस भिजवलेले हरभरे."

"बायकोला?"

मला उत्तर माहीत होते.

मुलगी रात्र काढेल का, असे सुगंधाबाईंनी विचारले. डॉक्टर म्हणाले, "सुई वेळेवर लागली असेल तर सकाळी ती स्वतःच सांगेल."

१७ फेब्रुवारी, सकाळ

सहा वाजून दहा मिनिटांनी इंदू रडली.

आधी खरखर, मग आवाज. पूर्ण मोठा आवाज. दवाखान्याच्या अंगणातले कुत्रे उठून उभे राहिले. वारलू बंडीखाली झोपला होता, तो तिथूनच ओरडला, "भाऊ, शिस्त मोडली वो तुमची!"

त्याला हसायचे असते तेव्हा तो काहीही बोलतो. नाडी मोजली नाही.

२६ फेब्रुवारी

घरी. सुगंधाबाई पुन्हा कांडतात. तंबाखू अजून तिथेच मळतात. मी एकदा सांगितले, एकदाच. कमळाला पेज, डाळ, कोंड्याची भाकर. तिच्या पायावर बोट दाबले तर खळगा अकरा सेकंद. तिने माझा हात झटकला आणि म्हणाली, "आता मोजू नका."

दारावरचे नियम तिने काढले आणि चुलीत घातले. मी पाहत होतो. कागद चांगला होता.

गिरणीचे उरलेले तांदूळ वारलूने नेले. त्याच्या कोंबड्या खातील, म्हणाला. कोंबड्यांनाही काही होईल का, हे विचारणार होतो, विचारले नाही. गावात आधीच पुष्कळ बोलणे चालू आहे. मंडईच्या नाटकात एक वैद्य घातला आहे, तो शेळीला पेज पाजतो आणि बायकोला उपदेश. राजापेक्षा त्यालाच जास्त टाळ्या पडतात असे ऐकले. अडाण्यांना दुसरे काय सुचणार. मी पाहायला गेलो नाही. कमळा गेली.

१४ मार्च

मोह फुलला आहे. कमळा पहाटेच मंगलीबरोबर फुले वेचायला जंगलात गेली. दीड मैल, आपल्या पायांनी. जाताना खांब धरला नाही. मी दारातून पाहत राहिलो, वळणापर्यंत.

मंगलीला मीठ दिले. दोन आठवड्यांचे, मागचेही. ती म्हणाली, "जास्त झालं." मी म्हटले, असू दे. मंगलीविषयीचे माझे पूर्वीचे मत चुकीचे नव्हते, फक्त कमी होते.

इंदू माझ्याजवळ होती. रडली. आधी मोजत होतो, एकोणीसपर्यंत मोजले. मग सोडून दिले. सुगंधाबाई पलीकडून ओरडल्या, "काय गा लच्छू, पोरीले उचल ना! वही ठेव तिकडे." उचलले. थांबली नाही. मलाही थांबवायची घाई नव्हती.

ती झोपल्यावर ही वही मागे उलटून वाचली. १४ फेब्रुवारीच्या पानाशी थांबलो. 'शेवटी नियमांचा परिणाम दिसला.' अक्षर सुंदर आहे. एकही चूक नाही. दौत उघडली. ती आठ ओळी खोडायला एक मिनिट लागले नसते. परंतु या वहीत खाडाखोड करायची नाही. मी दौत बंद केली. ते पान तसेच राहील, आणि इंदू वाचायला शिकली की तिच्या हाताला लागेल.

अकरा वाजता शेळी आली. नेहमीसारखी दारात उभी राहिली. भात मीच शिजवला होता. पेज वाडग्यात काढली, मीठ घातले. कमळासाठी मोठे वाडगे झाकून ठेवले. उरलेली प्यायलो. चव वाईट आहे, ते खोटे लिहीत नाही.

शेळी मूर्ख आहे. आता साडेबारा झाले, अजून उभी आहे.